अष्टमीची ओहोटी

न्यूझीलंडच्या समुद्राची ओहोटी मी पुण्यात छापलेल्या दिनदर्शिकेवरून काढली, आणि सासूबाई, बायको, एक फावडं आणि घावनांचा डबा घेऊन भर भरतीत किनाऱ्यावर हजर झालो.

फोन खिशात होता. जगातल्या कुठल्याही किनाऱ्याची भरती-ओहोटी त्यावर बोटाच्या टोकाने बघता येते. बायकोने आदल्या दिवशी तसं सुचवलंही होतं. पण मला विद्या अवगत होती ना! लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत रत्नागिरीकडच्या घराच्या पडवीत बसून सासऱ्यांनी ती मला दिली होती. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. मी पुण्याचा. समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत बघायची आणि कपड्यांत वाळू घालून आणायची गोष्ट. असल्या माणसाला नुसत्या पाढ्यावर समुद्राचं वेळापत्रक सांगता यायला लागलं तर तो काय गप्प बसतो होय? सासरे आता नाहीत, पण त्यांची पाऊणपट मी इथे, हॅमिल्टनच्या आमच्या स्वयंपाकघरात जिवंत ठेवली होती.

मी अष्टमी निवडली. आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. सकाळी निघायचं, दुपारी खणायचं, संध्याकाळी घरी.

“फोनवर बघून घे ना एकदा,” बायको म्हणाली.

“फोन काय वेगळं सांगणार? चंद्र एकच आहे ना जगात?”

“चंद्र एकच आहे. समुद्र दोन आहेत.”

मी हसलो. तिला काय कळतंय, असं ते हसू होतं.

खणायचं कशासाठी, ते सांगतो. पूर्वेच्या किनाऱ्यावर एका लहानशा गावात अशी एक जागा आहे, जिथे वाळूत खड्डा केला की खालून गरम पाणी वर येतं. चांगलं कढत. मात्र ती जागा एरवी समुद्राखाली असते. ओहोटीला पाणी मागे सरलं, की तेवढा वेळ ती उघडी पडते. लोक फावडी घेऊन येतात, खड्डा खणतात, त्यात बसतात, आणि समुद्र परत आला की उठून जातात.

सासूबाईंनी हे कोणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलं होतं. सहा महिने त्या आमच्याकडे राहिल्या, पण त्यांनी कधी टीव्हीचा रिमोटसुद्धा मागितला नाही. त्या दिवशी मात्र फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “हे इथून लांब आहे का हो?”

“का? जायचंय, आई?”

“छे, सहज विचारलं.”

सासूबाईंचं ‘सहज विचारलं’ म्हणजे काय, हे मला बायकोने आत नेऊन समजावलं. त्यांचं माहेर समुद्राकाठी, सासर समुद्राकाठी. रात्री लाटांचा आवाज ऐकत सगळा जन्म गेला, पण घोट्याच्या वर समुद्र त्यांना कधी लागला नव्हता. नारळी पौर्णिमेला जायचं, पाय ओले करायचे, परत यायचं. घरात माणसं जेवायची असायची. आता घर रिकामं झालं होतं तर गुडघे गेले होते. परवाचं विमान होतं, बॅगा बांधून झाल्या होत्या. ह्या गुडघ्यांनी एवढा प्रवास पुन्हा काही होणार नाही, हे त्या स्वतःच सांगत होत्या. थोडक्यात, समुद्रात बसायची ही त्यांची पहिली आणि शेवटची संधी होती, आणि ती माझ्या पाऊणपटीवर टांगलेली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. कार पार्क जवळजवळ रिकामं होतं. मी म्हणालो, “बघा, कोणाला वेळच माहीत नाही. सगळी जागा आपल्याला.” खांद्यावर फावडं टाकून मी पुढे निघालो, वळण ओलांडलं आणि थांबलो.

समुद्र कड्याला टेकला होता. जिथे वाळू असायला हवी तिथे हिरवंगार पाणी उभं राहत होतं, कड्यावर आपटत होतं आणि पांढरं होऊन खाली येत होतं. किनाऱ्यावर माणूस नव्हता. एक सीगल माझ्या फावड्याकडे बघत होता.

“उतरेल आता,” मी म्हणालो. “ही शेवटची मोठी लाट असणार.”

तिच्यानंतर दुसरी आली, आधीच्यापेक्षा मोठी. मी दोन पावलं मागे सरकलो आणि सांगितलं, की ओहोटीच्या आधी असं होतं. सासूबाई मागून हळूहळू आल्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलंच नाही. पायांपाशी उरलेल्या वाळूवरच्या ओल्या रेषेकडे बघत त्या जरा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चढतोय अजून.”

“पण आई, अष्टमी आहे! बाबांनीच तर शिकवलं होतं...”

“त्यांनी?” सासूबाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशीचं पहिलं हसू आलं. “अहो, ते सकाळी दूध आणायला जायचे ना, तेव्हा बंदरावर विचारून यायचे भरती कधी आहे ते. मग पाहुण्यांपुढे बसून बोटं मोजायचे. त्यांची पाऊणपट चुकायची नाही, कारण उत्तर आधी घेऊन आलेले असायचे.”

बायकोने तोवर फोन काढला होता. ती म्हणाली, “ओहोटी रात्री आठच्या सुमाराला. तिथी भारतातली, गणित भारतातलं, समुद्र इथला.” मग आवाज खाली आणून, “आई, आठपर्यंत थांबायचं का? उन्हाळ्यात उजेड असतो म्हणा इथे तेव्हा.”

“अष्टमीची ओहोटी ती,” सासूबाई म्हणाल्या. “भांगाचं पाणी. फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. ती जागा उघडी पडेल न पडेल. राहू दे. पाहिला ना समुद्र? झालं.”

ते ‘झालं’ त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं, की मला फावडं कुठे लपवावं ते कळेना. मी हॅमिल्टनबाहेर तेरापाला दूध पावडरच्या कारखान्यात बॉयलर बघतो. वाफ, दाब आणि गरम पाणी ह्यांवर माझं पोट चालतं. सगळ्या हॅमिल्टनमध्ये गरम पाण्याचं आश्वासन द्यायला मीच लायक माणूस, आणि माझ्याच सासूबाई कोरड्या परत जाणार.

“थांबायचं,” मी म्हणालो. “उघडी पडेल.”

“हे कशावरून काढलंस?” बायकोने विचारलं. मी फावडं पुन्हा खांद्यावर टाकलं.

मग आठपर्यंत करायचं काय? गावाच्या उत्तरेला समुद्रात घुसलेलं डोंगराचं एक टोक आहे, त्याच्यावरून पायवाट जाते. चढ सोपा होता. सासूबाई माझ्या फावड्याची काठी करून चालल्या. निदान ते तरी कामाला आलं. वाट पोहुतुकावाच्या झाडांखालून होती. ही झाडं आपल्या वडाची चुलत भावंडं वाटावीत अशी पसरलेली, पण वड जमीन धरून बसतो आणि ही सरळ कड्याच्या तोंडाला लटकलेली. मुळं दगडाच्या फटीत, अर्धी हवेत, खाली नुसता समुद्र. फुलांचे लाल तंतू वाटेवर इतके पडले होते, की जमीन दिसत नव्हती. सासूबाईंनी चपला काढून हातात घेतल्या.

“अहो आई, टोचेल काहीतरी.”

“फुलांवरून चपला घालून जायचं?” एवढंच म्हणून त्या पुढे गेल्या. मग मीही माझे जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरा, काढून घेतले. पायांना गुदगुल्या होत होत्या.

टोकाच्या अलीकडे कड्याला एक भेग आहे. खाली गुहा असावी. लाट आत शिरली की आधी काहीच ऐकू येत नाही. मग पायांखालचा डोंगर हुंकार भरतो. आवाज कानांना कळण्याआधी पोटऱ्यांना कळतो. मग भेगेतून गार वारा वर येतो, मिठाचा वास घेऊन, आणि मग तो परत आत ओढला जातो. श्वास आत, श्वास बाहेर. बॉयलरपाशी उभं राहून मला यंत्रांचे श्वास ओळखता येतात. कुठला व्हॉल्व्ह दमलाय, कुठे गळती आहे ते मी आवाजावरून सांगतो. ह्या श्वासात कुठेही गळती नव्हती. तो माझ्या आधी लाखो वर्षं चालू होता आणि माझ्याकडून त्याला कसलीही देखभाल नको होती. सासूबाईंनी हात जोडले. कारखान्याच्या सुरक्षा वर्गात मी हजार वेळा सांगतो, की भेगेवर वाकून बघू नका. तिथे मी वाकून बघितलं. बायकोने शर्टाची कॉलर धरून मागे ओढलं.

टोकावर गेलो. पाण्यात पांढरे सुळके उभे, त्यांच्यामधून पाणी कधी निळं तर कधी पोपटी. तळाची वाळू एवढ्या उंचीवरून दिसत होती. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की हे चुनखडीचे सुळके आहेत. मागे पाटी होती, तिच्यावर ज्वालामुखीची राख असं लिहिलं होतं. बायकोने ती मोठ्याने वाचली.

एवढ्यात उथळ पाण्यावरून एक काळी सावली सरकली.

“ढग,” मी म्हणालो.

आकाशात ढग नव्हता. सावलीने कडेचा पदर उचलला, हलकेच खाली सोडला आणि दगडाला वळसा घालून ती परत आली. तिच्यामागून आणखी एक आली.

“पाकट आहे ते,” सासूबाई म्हणाल्या. त्या पुढे झाल्या, कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. “अगं बाई, पाकट! केवढं आहे गं!”

आम्ही बघत राहिलो. मासा पोहतोय असं वाटतच नव्हतं. कोणीतरी काळी शाल पाण्यात धुवायला सोडावी आणि ती आपण होऊन चालायला लागावी, तसं. अख्खं अंग लाटेसारखं हलत होतं, पण घाई अशी कुठेच नाही. कड्याच्या सावलीत गेलं की दिसेनासं व्हायचं, उन्हात आलं की पाठीवर पाण्याची जाळी नाचायची.

“अर्धं आयुष्य ह्याचं कालवण केलं,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “तुकडे घ्यायचे, धुवायचे, मसाला लावायचा. हे असं उडतं, हे कोणी सांगितलंच नाही मला.”

बराच वेळ त्या तिथून हलल्या नाहीत. आम्ही घावनं तिथेच बसून खाल्ली. मला एक कळत होतं, की ह्या बाईंना समुद्र दाखवायला मी आणलंय असं मी दिवसभर समजत होतो, आणि प्रत्यक्षात मलाच कोणीतरी बोट धरून दाखवत होतं. पण हे मी तेव्हा बोललो नाही. बोलत होतो वेगळंच. पाकटाच्या शेपटीतलं विष कसं काम करतं, ह्याची मी माहिती देत होतो, आणि ती कोणी ऐकत नव्हतं.

साडेसहाला खाली उतरलो तर कार पार्क भरलेलं. फावडी, बादल्या, टॉवेल, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे घातलेली पोरं, आजोबा-आज्या. सगळे जण वेळेवर आले होते. सगळ्यांचे फोन खिशात होते. समुद्र कड्यापासून सुटला होता, पण मन लावून मागे जात नव्हता. थोडा सरकायचा, परत यायचा, काहीतरी विसरल्यासारखं बघून जायचा. लोक पाण्याच्या कडेला फावडी टेकून वाट बघत उभे होते. सासूबाई मात्र लोकांकडे न बघता त्या ओल्या रेषेकडे बघत होत्या. दुपारी ‘झालं’ म्हणून मोकळी झालेली बाई आता पदर खोचून उभी होती.

साडेसातला वाळूचा एक पट्टा उघडा पडला. अरुंद. मी धावत जाऊन खणायला लागलो. गुडघाभर खणलं. आलेलं पाणी बर्फासारखं. दहा पावलांवर दुसरा खड्डा केला, तोही गार. शेजारी एक कुटुंब वाफाळत बसलं होतं आणि मी, वाफेचा इंजिनियर, गार पाण्याच्या विहिरी पाडत चाललो होतो. तिसऱ्याला मी दाब, उतार आणि भूगर्भातली फट ह्यांचा विचार करून जागा ठरवली. ती सर्वांत गार निघाली.

“किती वेळ आहे?” मी बायकोला विचारलं.

“तू असाच खणत राहिलास तर पुरणार नाही.”

तेवढ्यात मागे सासूबाई ओरडल्या, “आई गं!” त्या अनवाणी पट्ट्यावर फिरत होत्या आणि एका जागी पाय झटकत उभ्या होत्या. “भाजलं! इथे! अहो, इथे या!”

मी फावडं मारलं. आधी ओली वाळू निघाली, मग वाळूत बुडबुडे आले, आणि मग खालून, कुठून म्हणायचं ते माहीत नाही, पृथ्वीच्या पोटातून म्हणतो, गरम पाणी वर आलं. त्याला घाई नव्हती, पण थांबायचंही नव्हतं. माझा हात भाजला. मी हात मागे घेतला आणि तसाच धरून बघत राहिलो. आयुष्यभर आम्ही गॅस जाळून, पाइपांना कपडे गुंडाळून, रात्रपाळ्या करून जे करतो, ते इथे वाळूखाली आपोआप चाललं होतं, आणि वरून समुद्र त्यावर झाकण घालायला येत होता. मी खणत गेलो. बायकोने समुद्राकडून चर खणून थोडं गार पाणी आत सोडलं. खड्डा माणूस बसेल एवढा झाला, पाणी अंघोळीजोगं झालं.

“बसा, आई,” मी म्हणालो.

सासूबाई बसेनात. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“काय झालं?”

“तुम्ही जरा तिकडे जा.”

आजूबाजूला शंभरेक माणसं अर्ध्या कपड्यांत लोळत होती. “अहो आई, एवढे लोक आहेत इथे!”

“ते काय माझे जावई आहेत?” त्या म्हणाल्या. “सासूने जावयापुढे भिजायचं म्हणजे काय? समुद्राकडे तोंड करून उभे राहा. आणि वळू नका.”

“जा ना,” बायको म्हणाली. “वेळ चाललाय.”

मी गेलो. पाण्याच्या कडेला, सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिलो. चुकून वळलो तरी काही दिसू नये, म्हणून डोळेही मिटले. मागे साडीची सळसळ झाली, बायकोचा ‘हळू, हळू’ असा आवाज आला, पाणी हललं. आणि मग एक उसासा ऐकू आला. तो सुखाचा होता की कशाचा, मला सांगता यायचं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून तसला आवाज मी ऐकला नव्हता. तो ऐकून डोळे आपोआप उघडले.

समुद्र जांभळा झाला होता. डावीकडे वर अष्टमीचा चंद्र होता. आपल्याकडे संध्याकाळी त्याची उजवी बाजू उजळलेली असते. इथे डावी होती. इतकी वर्षं इथे राहून मी हे पाहिलंच नव्हतं. तोच चंद्र, पण आपण पृथ्वीच्या खालच्या बाजूला उलटे लटकून त्याच्याकडे बघतोय, हे मला त्या क्षणी पायांच्या तळव्यांपासून कळलं. तोंड उघडं टाकून मी वर बघत होतो. खाली काय चाललंय ते बघत नव्हतो.

कोणीतरी ओरडलं, “लुक आउट, मेट!”

लाटेने गुडघे मागून नाही, पुढूनच काढून घेतले. एकदा वाळू दिसली, एकदा चंद्र दिसला, मग नाकात समुद्र. मला वचन आठवलं आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. गडगडत, आपटत, कशावरून तरी घसरत मी वर आलो आणि माझं डोकं गरम, मऊ वाळूच्या बांधावर येऊन थांबलं. गरम! म्हणजे मी कुठे होतो ते मला कळलं. लाट खड्ड्यात शिरून परत गेली होती. लोक हसत होते. बायको तर हसून हसून धड बोलूही शकत नव्हती.

“आई,” मी वाळू थुंकत ओरडलो, “डोळे मिटलेत माझे! शपथ! काही बघितलं नाही मी!”

कानाशी सासूबाईंचा आवाज आला, अगदी शांत, पाण्यात निवांत बसलेल्या माणसाचा.

“उघडा आता,” त्या म्हणाल्या. “उघडे होते तेव्हा तरी काय दिसत होतं तुम्हाला?”